हाडांतील सौम्य गाठी : निदान व उपचार
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



बारा-तेरा वर्षांचा मुलगा खेळताना पडतो. गुडघा सुजला म्हणून क्ष-किरण चित्र काढले जाते. हाड मोडलेले नसते. परंतु मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ, कडेला, एक लहानसा काळसर डाग दिसतो. अहवालात 'ट्यूमर' हा शब्द येतो आणि त्या घराची झोप उडते. वस्तुतः असा डाग बहुधा नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाचा असतो. वाढत्या मुलांत तो वारंवार आढळतो, सहसा त्रास देत नाही आणि वाढ पूर्ण होता होता आपोआप भरून येतो. त्याचे रूप ठरावीक असेल तर शस्त्रक्रिया नको, बायॉप्सीही नको. अशा वेळी वैद्याने हात आवरणे हाच उपचार होय. तो सोपा मात्र नाही, कारण भयभीत मातापित्यांना 'काहीही करू नका' या उत्तराने समाधान होत नाही.

सौम्य अर्बुद सामान्यतः जागच्या जागी वाढते; मारक अर्बुद रक्तावाटे फुफ्फुसांपर्यंत पोहोचते. हा भेद ओळखण्याचे पहिले साधन आजही साधे क्ष-किरण चित्रच आहे. राँटगेन यांनी १८९५ साली लावलेल्या या शोधाचे महत्त्व एमआरआयच्या काळातही उणावलेले नाही. अमेरिकन अस्थिशल्यविशारद विल्यम एनकिंग यांनी हे चित्र वाचण्याची एक शिस्त घालून दिली. गाठ कोठे आहे, ती हाडाचे काय करीत आहे आणि हाड तिला काय उत्तर देत आहे, हे पाहावे. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत बोलका. गाठ सावकाश वाढत असेल, तर हाडाला तिच्याभोवती पांढरी, रेखीव तटबंदी उभारण्यास अवधी मिळतो. कडा पुसट असतील, हाडाची भिंत फुटलेली असेल, आवरणाखाली नव्या हाडाचे पापुद्रे दिसत असतील, तर मात्र विलंब नको.

सर्वाधिक आढळणारी सौम्य गाठ म्हणजे ऑस्टिओकॉन्ड्रोमा. गुडघ्याजवळ किंवा दंडाच्या वरच्या टोकाशी हाडाला फुटलेला हा जणू कोंभच. त्याच्या टोकावर कूर्चेची टोपी असते. मुलाची उंची वाढणे थांबले की त्याचीही वाढ थांबते. शीर, रक्तवाहिनी वा स्नायू दाबला गेला तरच तो काढावा. वाढीचे वय सरल्यानंतर तो पुन्हा वाढू लागला, किंवा दुखू लागला, तर तपासणी अनिवार्य ठरते.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची कथा वेगळी. गाठ दीड-दोन सेंटिमीटरहून लहान, पण वेदना रात्रीची झोप मोडणारी, आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधाने आश्चर्यकारक रीतीने शमणारी. (लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने कदापि देऊ नये.) साध्या चित्रात गाठ लपून राहते, 'वाढीचे दुखणे' म्हणून महिनोन्महिने शेक आणि मालिश चालते. सी.टी. स्कॅनमध्ये तिचे केंद्र स्पष्ट दिसते. पूर्वी ते हाड कोरून काढावे लागे. १९९० च्या दशकापासून सी.टी.च्या मार्गदर्शनाखाली सुई घालून, रेडिओ लहरींच्या उष्णतेने ते जाळता येते. बहुतेक रुग्ण अल्पावधीत चालू लागतात.

'सौम्य' या शब्दाने निर्धास्त मात्र होऊ नये. जायंट सेल ट्यूमर प्रायः वीस ते चाळीस या कर्त्या वयात, गुडघ्याच्या सांध्यालगत किंवा मनगटाजवळ होतो. तो हाड आतून पोखरतो, खरवडून काढला तरी पुन्हा उद्भवू शकतो आणि क्वचित फुफ्फुसांतही उतरतो. म्हणून पोकळी यंत्राने काळजीपूर्वक घासून तीत अस्थि-सिमेंट भरतात. सांधा बहुधा वाचतो. शस्त्रक्रिया अशक्य किंवा फार हानिकारक असेल तेथे डेनोसुमॅब या औषधाचा आधार मिळतो. अमेरिकेत या रोगासाठी त्यास २०१३ साली मान्यता मिळाली.

आता बायॉप्सीविषयी, कारण खरी हानी येथेच होते. 'सुई लावली की रोग पसरतो' हा समज निराधार आहे. पण चुकीच्या जागी घेतलेला छेद खरोखरच महागात पडतो. बॉस्टनचे हेन्री मँकिन यांनी १९८२ साली हाडांच्या व मऊ ऊतींच्या मारक अर्बुदांच्या ३२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सदोष बायॉप्सीमुळे त्यांपैकी ४.५ टक्के रुग्णांचा अवयव अनावश्यकपणे कापावा लागला होता. १९९६ साली त्यांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हाही चित्र फारसे बदललेले नव्हते. यास्तव एमआरआय आधी, बायॉप्सी नंतर; आणि जो शल्यविशारद पुढे शस्त्रक्रिया करणार, त्यानेच किंवा त्याच्या सल्ल्याने ती जागा ठरवावी. गाठ सौम्य वाटत असली तरी हाच क्रम, कारण निदान अद्याप व्हायचे असते. संशयित गाठीवर हाडवैद्याकडून मालिश किंवा पट्टीबंधन करून घेणे तर सर्वथा टाळावे. पोखरलेले हाड त्या दाबानेही मोडते.

शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः जायंट सेल ट्यूमरमध्ये, पहिली दोन-तीन वर्षे ठरलेल्या मुदतीत तपासणी चुकवू नये. तीत छातीचे चित्रही येते. जुनी चित्रे घरी जपून ठेवावीत व प्रत्येक भेटीस बरोबर न्यावीत. गाठ वाढली की नाही, हे आजच्या एकट्या चित्रावरून सांगता येत नाही. त्याशेजारी मागील वर्षीचे चित्र ठेवावेच लागते.