हाताची तालीम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षकाने अभ्यासावर, निकालावर आणि शिस्तीवर बोलावे, अशी अपेक्षा असते. मी आज मातीवर बोलणार आहे. त्याला एक कारण आहे, आणि ते सांगताना मला थोडी शरम वाटते.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या वर्गात व्याकरण शिकवत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बाकाखाली हात घालून काहीतरी करत होता. जवळ जाऊन पाहिले, तर मैदानातल्या ओल्या मातीची बोटभर उंचीची सुरई! पोट गोल, मान निमुळती, कडेला नखाने काढलेली नक्षी. मी ती उचलून केराच्या टोपलीत टाकली आणि साऱ्या वर्गासमोर म्हणालो, "मातीत खेळायचे तर शाळेत कशाला येतोस?" वर्ग हसला. त्या दिवसानंतर त्या मुलाचे हात बाकाखाली गेले नाहीत. पण उत्तर देण्यासाठी ते कधी वरही आले नाहीत. वर्ग शांत झाला, म्हणून मला मात्र समाधान वाटले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला गेलो असताना एका परिचित बाईंचा मातीकामाचा छोटा स्टुडिओ पाहण्याचा योग आला. एक दुपार पाहावे म्हणून गेलो आणि आठ दिवस रोज जात राहिलो. जागा म्हणजे दोन खोल्या. विजेवर फिरणारे एक चाक, भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर वाळत ठेवलेले पेले आणि वाडगे, आणि कोपऱ्यात कपाटाएवढी विजेची भट्टी.

मला वाटले होते, सकाळी आल्याबरोबर चाकावर बसायचे. पण पहिले काम माती मळण्याचे. आत हवेचा बुडबुडा राहिला, तर चाकावर भांडे एका बाजूला ओढ घेते. मग गोळा चाकाच्या बरोबर मध्यावर आणायचा. हे काम दिसते सोपे, पण त्यातच माझे दोन दिवस गेले. हातांनी जोर केला की गोळा उसळे, हात सैल सोडले की डगमगे. मी बी. ए., बी. एड. झालेला माणूस, तिथे माझ्या पदवीला माती दाद देत नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक बशी कशीबशी जमली. लवकर वाळावी म्हणून मी ती गुपचूप उन्हात ठेवली. संध्याकाळी तिला काठापासून मध्यापर्यंत भेग! बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, काठ आधी वाळला, बूड मागे राहिले. माती वाळताना आकसते. सगळीकडे सारखी आकसली नाही, तर ती तुटणारच." त्यांनी ती बशी पाण्याच्या टबात टाकली. थोड्या वेळाने पाहतो, तर बशीचा पुन्हा चिखल झालेला! "भट्टीत जाईपर्यंत काही वाया जात नाही," त्या म्हणाल्या, "भट्टीतून आल्यावर मात्र इलाज नाही."

हे खरेच आहे. भट्टीची उष्णता सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत पोचते, तोवर मातीच्या कणाकणात बांधलेले पाणीही निघून जाते. मग ती माती पाण्यात कितीही ठेवा, विरघळत नाही. पहिली भाजणी साधारण 1000 अंशांपर्यंत होते. त्यानंतर झिलई चढवून भांडे पुन्हा भट्टीत जाते. भट्टी थंड होईपर्यंत दार उघडायचे नाही; घाई केली तर तयार भांडीही तडकतात.

मित्रांनो, माझ्या मनात आले, नववीचा वर्ग म्हणजे तरी काय? न भाजलेली माती. तिथे झालेली चूक सुधारता येते. मी मात्र मुलाची चूक सुधारली नाही; जे चांगले होते, तेच टोपलीत टाकले.

आता एक इतिहासातली गोष्ट सांगतो. आपल्या देशात आज शहरांतून स्टुडिओतील मातीकाम दिसते, त्याची पायवाट पाडणाऱ्यांत सरदार गुरुचरण सिंग यांचे नाव पुढे आहे. ते भूगर्भशास्त्राचे पदवीधर. दिल्लीत मातीकाम शिकायला आले, तेव्हा त्यांचे उस्ताद होते अब्दुल्ला, पिढीजात पठाण कुंभार. मातीत कोणती खनिजे असतात, हे शागीर्द पुस्तकातून शिकून आला होता. ती माती हाताला काय सांगते, हे उस्तादांना ठाऊक होते. 1919 साली गुरुचरण सिंग जपानला गेले. तिथे बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा यांच्यासारख्या कलावंतांचा त्यांना सहवास लाभला. पुढे 1952 साली त्यांनी 'दिल्ली ब्लू पॉटरी' सुरू केली आणि असंख्य शिष्य घडवले. 1991 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1995 साली ते निवर्तले. त्यांच्या कामाची ओळख बनलेला निळा रंग जपानहून आणलेला नव्हता. त्याचा पहिला धडा त्यांनी दिल्लीत अब्दुल्लांपाशीच गिरवला होता.

पालकहो, यातून मी काय घेतले ते सांगतो. पदवी घेऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. मुलामुलींनी खूप शिकावे, यासाठीच ही संस्था उभी आहे. पण पदवीधराने कारागिराकडे शिकायला जाण्यात कमीपणा नसतो, आणि कारागिराच्या हातातही विद्या असते, हे मुलांना कळले पाहिजे. आपल्या समाजात विणकर आहेत, सुतार आहेत, गवंडी आहेत. "माझ्यासारखे हात काळे करू नकोस," असे वडील मुलाला मायेने सांगतात. त्यामागचे कष्ट मी जाणतो. पण मुलगा त्यातून एवढेच शिकतो की अब्बांचे हात म्हणजे लाजेची गोष्ट.

सुट्टीनंतर तो मुलगा मला बाजारात भेटला. आता तो कॉलेजात कॉमर्सला आहे. मी त्याला सुरईची आठवण दिली आणि माझे चुकले, असे सांगितले. तो संकोचून हसला. "हल्ली काही बनवतोस का?" मी विचारले. तो म्हणाला, "नाही सर, आता सवय गेली."

एवढे तीन शब्द मी बरोबर घेऊन घरी आलो.

म्हणून आज माझी दोन मागणी आहेत. संस्थेने शनिवारचा एक तास हाताच्या कामासाठी द्यावा आणि आपल्याच गावातल्या कुंभारदादांना त्या तासाला गुरुजी म्हणून बोलवावे. त्यांना बसायला आमच्यासारखीच खुर्ची द्यावी. आणि पालकांनी एवढेच करावे: मूल मातीने भरलेले हात घेऊन घरी आले, तर हात धुवायला सांगण्याआधी त्याने काय बनवले, ते विचारावे.

माझ्या वर्गातली केराची टोपली अजून त्याच कोपऱ्यात आहे. आता तिच्यात काही टाकण्याआधी मी ते नीट पाहतो. 

खुदा हाफिज.