कँटनचा बाजार



चीनमधील ज्या शहराला आपण जुन्या सवयीनें कँटन म्हणतों, त्याचें तेथील नांव ग्वांगझौ. 'कँटन' हा 'ग्वांगडुंग' या प्रांताच्या नांवाचा पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडीं झालेला अपभ्रंश होय. 2024 च्या नोव्हेंबरांत माझा पुतण्या, माझी पत्नी व मी असे तिघे त्या शहरीं नऊ दिवस राहिलों. पुतण्या आपल्या कामासाठीं गेला होता. आम्हां उभयतांना दुसरें काम नसल्यामुळें बाजार पाहणें हाच आमचा उद्योग झाला. त्या नऊ दिवसांत मीं एक बऱ्यापैकीं शहाणपणाची खरेदी केली आणि एक मूर्खपणाची. दोन्ही सांगणार आहें. कारण परमुलुखीं जाणाऱ्याला दुकानांच्या नांवांइतकीच आपण कोठें फसूं याची माहिती उपयोगी पडते.

परकीयानें कँटनमध्यें खरेदी कोठें करावी, हा प्रश्न आजचा नव्हे. 1757 सालीं च्येनलुंग बादशहानें पाश्चात्त्यांचा सारा सागरी व्यापार या एकाच बंदरांत आणून बांधला. तेव्हांपासून 1842 च्या नानकिंगच्या तहापर्यंत परकीय व्यापाऱ्याला नदीकांठच्या तेरा वखारींच्या पट्ट्याबाहेर मोकळेपणानें हिंडण्याची मुभा नव्हती. तटबंदीच्या आंत प्रवेश नाहीं, वखारींत बायकांना राहण्याची परवानगी नाहीं, आणि व्यापाराचा हंगाम सरला कीं गाशा गुंडाळून मकावला परत जावयाचें! वखारींच्या मधल्या दोनतीन गल्ल्यांत रेशीम, पंखे, लाखेच्या पेट्या, चित्रें यांचीं दुकानें असत, आणि जहाजावरचे कप्तान व खलाशी घरच्यांसाठीं जें कांहीं नेत तें तेथूनच. त्यांत आपल्या मुंबईचे पारशीही होते. जमशेटजी जीजीभाईंनीं तरुणपणीं चीनच्या अनेक सफरी केल्या. मुंबईचा कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जाई, व त्या द्रव्यांतून मुंबईंत रुग्णालय आणि कलाशाळा उभीं राहिलीं. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साडीवरील भरतकाम हें त्याच व्यापाराचें देणें. अफूचा भाग आपण सहसा उच्चारीत नाहीं. जे. जे. च्या आवारावरून जातांना मला मात्र हल्लीं तो आठवतो.

त्या वखारी 1856 मध्यें जळून गेल्या. परंतु 'शीसानहांग', म्हणजे तेरा पेढ्या, हें नांव एका रस्त्याला अजून आहे, आणि तेथें आज तयार कपड्यांचा प्रचंड घाऊक बाजार भरतो. पहांटे दिवे लागतात, गठ्ठ्यांनीं लादलेल्या हातगाड्या अंगावर येतात, आणि दुपारपर्यंत बहुतेक देवघेव आटोपते. मीं एका ठिकाणीं एका सदऱ्याचा भाव विचारला, तेव्हां दुकानांतील मुलीनें माझ्याकडे अशा नजरेनें पाहिलें कीं, जणूं भुसार बाजारांत मी मूठभर तांदूळ मागत होतों. सुट्या खरेदीसाठीं त्या वाटेला जाऊं नये; पाहण्यासाठीं अवश्य जावें.

आपल्यासारख्या प्रवाशाला दोन रस्ते सोयीचे. एक बेजिंग रस्ता. हा पायीं हिंडणाऱ्यांसाठीं राखलेला आहे, आणि त्याच्या मधोमध जाड कांचेखालीं जुन्या रस्त्याचे थर दिसतात. 2002 मध्यें खोदकाम करतांना तांग राजवटीपासून प्रजासत्ताकाच्या काळापर्यंतचे एकावर एक असे 11 थर सांपडले. वर पादत्राणांचीं दुकानें, खालीं हजार वर्षांची वाट! दुसरा रस्ता पश्चिमेकडील शांगश्याज्यौ. तेथें इमारतींचे वरचे मजले खांबांवर पुढें आलेले असल्यामुळें पादचारी पावसाउन्हांत सुरक्षित चालतो. आमच्या मंडळींना लागलीच मुंबईच्या फोर्टमधील कमानी आठवल्या. या दोन्ही रस्त्यांवरील मोठ्या दुकानांत किंमती ठरलेल्या असतात, घासाघीस चालत नाहीं, आणि कापड, मिठाई, छत्र्या अशा वस्तु निर्धास्तपणें घ्याव्या. परकीय पाहुण्यांसाठीं सरकारनें चालविलेलीं 'मैत्री भांडारें' एके काळीं चीनभर होतीं. तेथें खर्च करण्यासाठीं परकीयांकरितां निराळ्या नोटाही 1980 पासून छापल्या जात. त्या नोटा 1995 च्या आरंभीं बंद झाल्या, आणि पाहुण्याचा बाजार निराळा व घरच्याचा निराळा हा भेद त्यांच्याबरोबर गेला.

यीदे रस्त्याचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवत नाहीं. तेथें एका अंगाला सुकविलेली मासळी, कालवें, अळंबीं यांचीं पोतीं, आणि दुसऱ्या अंगाला खेळणीं व शाळेचें सामान. ज्याचा जन्म खडू-फळ्यांत गेला, त्याला पेन्सिलींचे इतके ढीग एकत्र पाहून काय वाटलें असेल, तें शिक्षकांनाच कळेल. मी दीड तास तेथें रमलों. पत्नी मासळीच्या वासानें हैराण होऊन बाहेर उभी होती, हें माझ्या ध्यानांतच आलें नाहीं.

कलाकुसरीची पारख करावयाची असेल, तर प्रथम चेन घराण्याच्या वाड्यांत जावें. 1894 मध्यें पुरी झालेली ही वास्तु आतां ग्वांगडुंगच्या लोककलांचें संग्रहालय आहे. तेथें चिनी मातीचीं रंगीत भांडीं पाहावीं. या भांड्यांची मौज अशी कीं, पांढरें कोरें भांडें दूरच्या जिंगदेझनहून यावयाचें आणि त्यावरील चित्रकाम व रंगाची भाजणी कँटनमध्यें व्हावयाची; परदेशांतील गिऱ्हाइकांच्या आवडीप्रमाणें हा धंदा वाढला. चांगलें काम एकदां डोळ्यांखालून गेलें, म्हणजे बाजारांतील छापील नक्कल पटकन ओळखूं येते. एक सूचना: हस्तिदंताच्या कोरीव कामासाठीं हें शहर नांवाजलेलें होतें, पण 2017 च्या अखेरीपासून चीनमध्यें हस्तिदंताचा व्यापार कायद्यानें बंद आहे. कोणी कानांत सांगून जुना तुकडा दाखवूं लागला, तर तेथून काढता पाय घ्यावा.

पैसे देण्याची रीति आतां पार बदलली आहे. भाजीवालीदेखील एक चौकोनी ठिपक्यांचें चित्र पुढें करते आणि गिऱ्हाईक त्यावर आपला फोन धरतें. 2023 पासून परकीयांनाही आपलें बँकेचें कार्ड तेथील अलीपे किंवा वीचॅटला जोडतां येतें. ही तजवीज घरूनच करून निघावें. तरीहि थोड्या नोटा खिशांत असूं द्याव्या. भाव करण्याला भाषेची अडचण नाहीं. दुकानदार गणकयंत्रावर आंकडा दाखवितो, आपण खोडून आपला घालावा. यंत्र नसेल तर बोटें आहेत, परंतु तीं आपलीं बोटें नव्हेत: अंगठा व करंगळी ताठ केली म्हणजे सहा, अंगठा व तर्जनी म्हणजे आठ. आपल्याकडे दलाल रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. येथें तें उघड्यावर चालतें एवढेंच.

आतां माझ्या मूर्खपणाकडे वळतों. शांगश्याज्यौजवळ ह्वालिन मंदिर आहे. हिंदुस्थानांतून गेलेला बोधिधर्म सहाव्या शतकांत तेथेंच प्रथम उतरला, अशी परंपरा आहे. त्या मंदिराभोंवतीं जेड नांवाच्या हिरव्या पाषाणाचीं दुकानें आहेत. तेथें आम्हीं नुसतें पाहिलें. पुढें दुसऱ्या एका ठिकाणीं, त्याचें नांव मी घेत नाहीं, मला एक गर्द हिरवी बांगडी दिसली. भाव 1,800 युआन. मीं 200 सांगितले. दोनदां उठून चालूं लागलों, दोनदां मला परत बोलावलें, आणि 320 युआनांस, म्हणजे आपल्या पावणेचार हजार रुपयांस, सौदा झाला. पत्नी म्हणाली, "अहो, मला बांगडी कशाला? त्यापेक्षां चहाचे पेले घ्या ना." मीं ऐकलें नाहीं. छत्तीस वर्षें मुलांना नफातोट्याचीं गणितें शिकविणारा मी. जो माल 1,800 वरून 320 वर येतो, त्याची मूळ किंमत काय असेल, हें साधें गणित मला त्या वेळीं सुटलें नाहीं!

गांवीं आल्यावर मीं या सौद्याची फुशारकी दहा घरीं मिरवली. पुढें एका ओळखीच्या सराफानें ती बांगडी तपासणीसाठीं पाठविली. खडा हलका, आम्लानें धुऊन, आंत राळ भरून वर रंग चढविलेला. नैसर्गिक जेड असा सर्वत्र सारखा, गर्द हिरवा क्वचितच असतो, आणि असला तर त्याची किंमत ऐकूनच आपण परत फिरावें. ज्याला खरोखर घ्यावयाचा आहे, त्यानें प्रयोगशाळेचा दाखला असलेलाच माल पावतीसह घ्यावा. महिनाभर मीं ही गोष्ट घरांत बोललों नाहीं. शेवटीं सांगितली, तेव्हां पत्नी म्हणाली, "मला तेथेंच शंका आली होती. पण तुम्ही इतके खुशींत होतां, कीं मीं म्हटलें, राहूं द्या."

शहाणपणाची खरेदी चहाची. ती देखील तिच्याच आग्रहामुळें झाली. नदीपलीकडे फांगत्सुन भागांत चहाचा घाऊक बाजार आहे. दुकानांमागून दुकानें, सर्वत्र चहा. 'चहा' हा आपला शब्दच मुळीं चिनी. कँटनमध्यें 'छा' म्हटलें कीं कोणालाही समजतें. एका लहानशा दुकानांत आम्ही बसलों. मालकीणबाईंनीं बोटभर उंचीच्या पेल्यांतून पांच प्रकारचे चहा पाजले. दरवेळीं पहिलें पाणी ओतून टाकीत, दुसरें देत. पेला भरला कीं दोन बोटांनीं मेजावर हलकेच टकटक करावयाची, हा तेथील आभार मानण्याचा रिवाज. तो पत्नीनें शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून उचलला, आणि बाई खळखळून हंसल्या. तासाभरानें आम्हीं केवळ अर्धा जिन, म्हणजे 250 ग्रॅम, ऊलुंग घेतला. तिनें आणखी घ्या असा आग्रह केला नाहीं. भाव पाटीवर होता, आणि तो कमी करण्याचा मला धीरही झाला नाहीं.

पेलेही तिनें त्याच गल्लींत घेतले, सहा. त्यांपैकीं एक प्रवासांत फुटला. बांगडी अजून तिच्या हातांत आहे. चहा मात्र मार्चमध्येंच संपला.