अल्प मुदतीचे सघन अभ्यासक्रम : शिवारातील अध्ययनाची संधी



महाविद्यालयाचे वेळापत्रक घंटेवर चालते. एक तास संपतो, दुसरा विषय सुरू होतो आणि आठवड्याअखेरीस पाच-सहा विषयांचे थोडेथोडे ज्ञान वहीत जमा होते. व्याख्यानासाठी ही रचना सोयीची आहे. परंतु विहिरीची पातळी मोजणे, हातमागावर ताणा चढवणे किंवा एखाद्या बाजारपेठेतील धान्याच्या आवकेची नोंद ठेवणे ही कामे तासाभरात मावत नाहीत. तेथवर पोहोचण्यासच अर्धा दिवस जातो. एकाच विषयाला सलग काही दिवस किंवा आठवडे देणाऱ्या, प्रत्यक्ष काम आणि प्रवास यांची जोड असलेल्या सघन अभ्यासक्रमांची कल्पना या अडचणीतून पुढे आली.

अमेरिकेत ही पद्धत साठ वर्षांहून अधिक काळ रूढ आहे. फ्लोरिडातील आज एकर्ड या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय १९६० साली सुरू झाले, तेव्हाच त्याने चार महिन्यांच्या दोन सत्रांमध्ये एका महिन्याचे हिवाळी सत्र बसवले. कोलोरॅडो महाविद्यालयाने १९७० मध्ये संपूर्ण वर्षाचीच मांडणी बदलली. तेथे विद्यार्थी एका वेळी एकच विषय साडेतीन आठवडे शिकतो. त्यामुळे भूशास्त्राचा अख्खा वर्ग डोंगरात मुक्कामाला जाऊ शकतो. दुसऱ्या कोणत्याही विषयाचा तास त्यात बुडत नाही. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९७१ पासून जानेवारी महिना अशाच मुक्त उपक्रमांसाठी राखून ठेवला आहे.

भारतालाही हा विचार परका नाही. हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवणारी नयी तालीम १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडली गेली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांसह सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर हे तिचे स्वरूप देशभरातील महाविद्यालयांना परिचित आहे. तथापि शिबिर आणि अभ्यासक्रम यांची बहुधा गाठ पडली नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याने बांधाला माती घातली, पण भूजलाचा धडा त्या बांधावर उघडला गेला नाही. गांधीनगरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने निराळी वाट धरली. तिच्या एका उपक्रमात विद्यार्थ्यांचे छोटे गट उन्हाळ्यात सहा आठवडे, मर्यादित खर्चात, किमान सहा राज्यांतून प्रवास करतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर या प्रयत्नांना नियमांचा आधार मिळाला. २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेची तरतूद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पदवी आराखड्यात आंतरवासितेला दोन ते चार श्रेयांक देण्यात आले असून क्षेत्रीय कामाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरले आहेत. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी ६० तास, अर्थात रोज सहा तासांप्रमाणे दहा दिवस.

दहा दिवसांत काय साधेल? एखाद्या गावाचा पाण्याचा ताळेबंद हे उदाहरण घेता येईल. पहिले दोन दिवस वर्गात तालुक्याचा नकाशा, खडकांची रचना आणि पर्जन्यमानाच्या नोंदी अभ्यासाव्यात. पुढील पाच दिवस गावात मुक्काम करून प्रत्येक विहिरीचा व्यास, खोली आणि पाण्याची पातळी मोजावी. फीत कठड्यावरून सोडली, तर कठड्याची उंची वजा करावी लागते. नुकताच पंप बंद झालेल्या विहिरीची पातळी फसवी असते. म्हणून मोजणी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी करावी लागते. या गोष्टी पुस्तकातही सापडतात, परंतु पहिल्या दिवसाचे आकडे दुसऱ्या दिवशी जुळले नाहीत, की मगच त्या मनात ठसतात. नंतरचे दोन दिवस तक्ते आणि नकाशा करण्यात जावेत आणि दहाव्या दिवशी ते सर्व ग्रामसभेपुढे मांडावे. ज्याच्या विहिरीची नोंद चुकली, तो शेतकरी तेथेच उभा राहून ती दुरुस्त करील. याहून कठोर परीक्षक विद्यापीठाला नेमता येणार नाही.

मात्र या चित्राला दुसरी बाजू आहे. सुटीत दुकानात काम करून पुढील वर्षाची फी जमवणारा विद्यार्थी अशा प्रवासाला कसा जाणार? जिच्या घरून बाहेरगावी मुक्कामाची परवानगी मिळत नाही, त्या विद्यार्थिनीचे काय? अमेरिकेतही अनेक ठिकाणी प्रवासखर्च शिक्षणशुल्काहून वेगळा असतो आणि त्यामुळे ऐपत असलेल्यांनाच दूरचा प्रवास परवडतो. अभ्यासक्रम सक्तीचा आणि खर्च विद्यार्थ्याच्या माथी, अशी स्थिती झाली तर जो उपक्रम संधी वाढवण्यासाठी आहे, तोच चाळणी ठरेल. म्हणून वीस किलोमीटरवरील गावात केलेल्या कामाला दोन हजार किलोमीटरवरील कामाइतकेच श्रेयांक मिळाले पाहिजेत. खर्चाचा तपशील प्रवेशापूर्वी जाहीर व्हावा आणि मुक्कामाची सुरक्षित व्यवस्था ही संस्थेची जबाबदारी मानली जावी.

गाव ही प्रयोगशाळा नाही, याचेही भान हवे. दरवर्षी नवी तुकडी येते, तेच प्रश्न विचारते आणि नोंदी घेऊन निघून जाते. असे झाले, की गावकऱ्यांचा उत्साह ओसरतो आणि तो स्वाभाविक आहे. अहवालाची स्थानिक भाषेतील प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी आणि पुढील तुकडीने त्याच विहिरींपासून सुरुवात करावी. पाच वर्षांत गावाकडे स्वतःच्या पाण्याची नोंदवही तयार होईल. प्राध्यापकांचे हे दिवस कार्यभारात धरले जावेत. मूल्यमापन शिक्का मारलेल्या प्रमाणपत्रावर नव्हे, तर क्षेत्रीय दैनंदिनी आणि तोंडी परीक्षेवर व्हावे. अन्यथा श्रेयांक जमा होतील, शिक्षण होणार नाही.

नियमांनी जागा करून दिली आहे. ती जागा सहलीने भरायची की अभ्यासाने, हे प्रत्येक महाविद्यालयाच्या नियोजनावर अवलंबून आहे. दहा दिवसांनी विद्यार्थी परतला आणि गावाच्या हाती त्याच्या कामाचा एक उपयोगी कागद राहिला, तर तो अभ्यासक्रम यशस्वी झाला असे खुशाल समजावे.