प्रत्येक मोड मूळव्याधीचा नव्हे



मधुमेहावर व्याख्यान असले म्हणजे लोक सहकुटुंब येतात. आजच्या विषयाला आपण इतके जण आलात, याबद्दल प्रथम आभार मानतो. हा विषय लाजेमुळेच बिघडलेला आहे.

आपल्याकडे गुदद्वारापाशी हाताला काही लागले की त्याचे नाव ठरलेले: मूळव्याध. मग ‘ऑपरेशनशिवाय खात्रीने बरे’ अशी पाटी शोधायची, तोंडाने लक्षणे सांगायची आणि मलम घेऊन परतायचे. दाखवणारा दाखवीत नाही, पाहणारा पाहत नाही. यात महिनेच्या महिने जातात, आणि एखादे दाहक औषध लागले तर कातडी भाजते ती निराळीच.

मूळव्याध म्हणजे आतील रक्तवाहिन्यांच्या गाद्या फुगणे. तिचा मोड मऊ व गुळगुळीत असतो. शौचाच्या वेळी बाहेर येतो, पुष्कळदा परत आत जातो, रक्त पडते. चामखिळीचे तसे नाही. ती कातडीचीच वाढ होय. आरंभी मोहरीएवढी, खरबरीत, अंगाच्या रंगाची किंवा गुलाबी. पुढे अनेक मिळून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा पुंजका होतो. दुखत बहुधा नाही. खाज सुटते, ओल राहते, क्वचित रक्ताचा डाग दिसतो. परंतु एवढ्यावरून घरी निदान करू नका. उपदंशातही तेथे चपट्या, ओलसर गाठी येतात आणि क्वचित कर्करोगही असेच सोंग घेतो. म्हणून डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहावे, बोटाने तपासावे, नळीने आतही पाहावे, शंका आल्यास तुकडा काढून तपासणीस पाठवावा. उपदंश व एचआयव्ही यांसाठी रक्तही तपासून घ्यावे.

या चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. बहुतेक वेळा त्याच्या 6 व 11 या जातींमुळे. कर्करोगाशी मुख्यतः संबंध येतो तो 16 व 18 या जातींचा. हा विषाणू त्वचेच्या निकट स्पर्शाने, बहुधा शरीरसंबंधातून येतो. मात्र गुदसंभोग झालाच असला पाहिजे असे नाही. शिवाय तो आठवडे, महिने, कधी त्याहूनही अधिक काळ गुपचूप राहतो. तेव्हा ‘हे कोणी आणि केव्हा आणले’ याचा निवाडा चामखिळीवरून होत नाही. यावरून नवराबायकोने भांडण्यापेक्षा दोघांनी तपासून घेणे शहाणपणाचे.

उपचारांबाबत एक मौजेची गोष्ट सांगतो. सुश्रुताने अर्शाच्या प्रकरणातच ‘चर्मकील’ सांगितला आहे. म्हणजे शेजार जुना आहे, पण नाव त्याने वेगळे दिले. अर्शावर त्याचे उपाय चार: औषध, क्षार, अग्नी व शस्त्र. आजचे उपाय पाहा. बाहेरच्या लहान चामखिळींवर इमिक्विमॉडचे मलम, आठवड्यातून तीनदा, फार तर 16 आठवडे. हिमालयातही वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या मुळापासून काढलेले पोडोफायलिन; ते गरोदर स्त्रीला मुळीच चालत नाही. डॉक्टरांनी स्वतः लावावयाचे ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल. विजेने जाळणे, किंवा सुश्रुताजवळ नव्हता तो उपाय, द्रवरूप नायट्रोजनने गोठवणे. पुंजका मोठा वा आतवर असल्यास शस्त्रक्रिया. हातापायांच्या चामखिळीचे दुकानातील औषध मात्र येथे कदापि लावू नये.

चामखीळ गेली तरी आसपासच्या त्वचेत विषाणू उरतो. म्हणून ती पुन्हा उगवते, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. तेवढ्याने डॉक्टर बदलू नका. ठरल्या दिवशी पुन्हा दाखवा. निरोधाने धोका कमी होतो, पुरता टळत नाही, कारण झाकले न जाणारे कातडे उरतेच.

राहता राहिली लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला 2022 साली परवानगी मिळाली. ती 6, 11, 16 व 18 या चारही जातींविरुद्ध आहे. आलेली चामखीळ ती घालवीत नाही. संबंध येण्यापूर्वी घेतली तर उत्तम. पालक विचारतात ते मुलींसाठी. पण परवानगी 9 ते 26 वर्षांच्या मुलग्यांसाठीही आहे, आणि या चामखिळी मुलग्यांनाही होतात.