आडवाटेचा अर्धा दिवस

(शालेय सहलींच्या पूर्वतयारीसाठी शिक्षक, विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



दिवाळीची सुटी संपली, की राज्यातील शाळांना सहलींचे वेध लागतात. एस. टी.च्या गाड्या प्रासंगिक करारावर ठरविल्या जातात, पालकांची संमतिपत्रे गोळा होतात आणि फळ्यावर कार्यक्रम लिहिला जातो. छत्रपती संभाजीनगरकडे निघालेल्या सहलीचा कार्यक्रम बहुधा ठरलेलाच असतो. पहिल्या दिवशी देवगिरीचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा आणि पाणचक्की. दुसऱ्या दिवशी अजिंठा, आणि रात्री परतीचा प्रवास. अजिंठा सोमवारी व वेरूळ मंगळवारी बंद असते, एवढे सांभाळले की आखणी पुरी झाली असे मानण्यात येते.

या स्थळांची निवड चुकीची आहे, असे कोणीही म्हणणार नाही. अजिंठा व वेरूळ या दोन्ही स्थळांना १९८३ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ती एकदा तरी पाहिली पाहिजेत. प्रश्न आहे तो दोन दिवसांत सहा ठिकाणे उरकण्याचा. शंभर मुलांची रांग कैलास लेण्यातून पाऊण तासात बाहेर पडते, तेव्हा मुलांच्या वहीत नावे उरतात, दृष्टीत फारसे काही उरत नाही. म्हणून सहलीच्या आखणीत एक लहानसा फेरबदल सुचवावासा वाटतो. सहापैकी एखादे ठिकाण कमी करावे आणि वाचलेला अर्धा दिवस आडवाटेवरील एका स्थळाला द्यावा.

रस्त्यालगत, तरीही नजरेआड

आडवाट म्हणजे दूरची वाट असेच नव्हे. खुलताबादेत औरंगजेबाची कबर पाहण्यासाठी गाड्या थांबतात. परंतु १६१० साली खडकी हे नगर वसविणारा आणि १६२६ साली निधन पावलेला मलिक अंबर याच गावी चिरनिद्रा घेत आहे, हे क्वचितच सांगितले जाते. डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी शहरात आणण्याची त्याची योजना ग्रामीण पाणीपुरवठ्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे. पाणचक्कीवर मुले पडणारे पाणी पाहतात. ते तेथे कसे आणले गेले हे समजावून दिले, तर भूगोलाचा एक संपूर्ण पाठ तेथेच होऊ शकेल.

बीबी का मकबऱ्यामागील डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. मकबऱ्यापासून ती अवघ्या काही किलोमीटरांवर आहेत. त्यांतील बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकांतील आहेत. सातव्या क्रमांकाच्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वराची मूर्ती असून तिच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेली माणसे कोरलेली आहेत. कोणी आगीत सापडला आहे, कोणाची नौका बुडते आहे, कोणावर हत्ती चालून आला आहे. त्या काळच्या प्रवाशाला कशाकशाचे भय वाटे, याची ती पाषाणातील यादीच होय. आत गाभाऱ्याच्या भिंतीवर वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रियांच्या मेळात एक नर्तकी आहे. येथे गर्दी नसते. शिक्षकाचा आवाज शेवटच्या मुलापर्यंत पोहोचतो.

अजिंठ्याच्या परिसरात, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील अन्वा येथे असेच एक जुने शिल्पमंडित मंदिर आहे. त्याच्या बाह्यभिंतीवर विष्णूची आयुधे धारण केलेल्या स्त्रीमूर्ती आहेत.

पितळखोरे

या सर्वांत अधिक वेळ द्यावा असे स्थळ म्हणजे कन्नड तालुक्यातील पितळखोरे. वेरूळपासून सुमारे ४० किलोमीटरवर, सातमाळ्याच्या रांगेतील एका खोल दरीत ही लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला, म्हणजे कैलास लेणे खोदले जाण्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधी. पायऱ्या उतरून खाली गेले, की चौथ्या लेण्याच्या जोत्यावर ओळीने उभे असलेले हत्ती दिसतात, दाराशी द्वारपाल आहेत, आणि जवळच पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या फण्यांना छिद्रे ठेवून वरून चराने आलेले पाणी त्यांतून पडावे, अशी योजना शिल्पकारांनी केली होती.

मात्र पितळखोऱ्याचे खरे मोल तेथील लेखांत आहे. चैत्यगृहाच्या खांबावर पैठणच्या एका गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. अन्य लेखांत राजवैद्य मगिल याच्या कुटुंबातील दाने असून त्यांत त्याच्या मुलीचेही नाव आहे. येथे सापडलेल्या हसऱ्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे कोरलेले आहे. ही मूर्ती आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इतिहासाच्या पुस्तकात राजे असतात. पितळखोऱ्यात सोनार, वैद्य आणि अत्तराचा व्यापारी आहे. ज्या मुलाचा बाप कारागीर आहे, त्याला हा इतिहास आपला वाटेल.

परंतु हा इतिहास झिजतो आहे. येथील खडक ठिसूळ. थरांतून पाणी झिरपते. कित्येक लेण्यांचे छत आणि दर्शनी भाग केव्हाच कोसळले आहेत. निसर्गाच्या या झिजेत माणसाने खिळ्याने कोरलेल्या नावांची भर घालू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. स्थळाकडे कोणी फिरकलेच नाही तर त्याची हानी कोणाच्या ध्यानात येत नाही; आणि एकाच वेळी झुंबड उडाली तर हानीच वाढते. अजिंठ्यात प्रेक्षकांच्या श्वासातील ओलाव्यानेही चित्रांना अपाय होतो, म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडावे लागते. तो अनुभव आडवाटेवरील स्थळांनी पुन्हा नव्याने घेण्याचे कारण नाही.

कोणी काय करावे

शिक्षकांनी निघण्यापूर्वी एक तास या स्थळासाठी द्यावा, आणि तेथे वीस-पंचवीस मुलांचे गट करावेत. एक गट लेण्यात असताना दुसऱ्याने बाहेर रेखाटन करावे. पावसाळ्यात पितळखोऱ्याचा धबधबा मोह पाडतो. पण पायऱ्या निसरड्या होतात आणि प्रवाहाला अचानक जोर चढतो. लहान मुलांना त्या दिवसांत नेऊ नये. कड्यांवर आग्या माशांची मोहोळे असू शकतात, म्हणून धूर, फटाके व आरडाओरड कटाक्षाने टाळावी.

ज्यांच्या शिवारात अशी स्थळे आहेत, त्या पंचायतींनी मोठ्या इमारतींचा विचार करू नये. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, वळणावरील ठळक फलक, कचऱ्याची व्यवस्था आणि स्थळाची माहिती असलेले गावातीलच दोन-चार तरुण, एवढे पुरेसे आहे. आलेल्या मुलांना गावातील बचत गटाने पिठले-भाकरी दिली, तर सहलीचा काही पैसा गावात राहील. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे, याचे भान सदस्यांनी ठेवावे. उत्साहाच्या भरात बांधलेला सभामंडप पुढे गावालाच अडचणीत आणतो.

अधिकाऱ्यांनी सहलींना मंजुरी देताना स्थळांची संख्या मोजण्याऐवजी प्रत्येक स्थळी दिलेला वेळ पाहावा. यासाठी नवी योजना नको की जादा अनुदान नको; मंजुरीच्या अर्जात एक रकाना वाढविला तरी भागेल.

आपल्या प्रत्येक तालुक्यात एखादे पितळखोरे आहे. कोठे ती बारव असेल, कोठे वीरगळांची रांग, कोठे पडका वाडा. या वर्षीच्या सहलीचा कार्यक्रम फळ्यावर लिहिताना त्यासाठी अर्ध्या दिवसाची जागा ठेवावी, आणि तेथे काय पाहावयाचे हे मुलांनीच गावातील जाणत्यांना विचारून आणावे, एवढीच विनंती आहे.