हृदयाचें दार

पुण्याच्या मंडईची दगडी इमारत १८८६ सालीं उघडली. तिच्या एकाच दारांतून गिऱ्हाईक आंत शिरतें आणि हमाल बाहेर पडतो. बाजारांत हें चालतें. हृदयांत चालत नाहीं. तेथें चार झडपा असून प्रत्येक झडप रक्ताला एकाच दिशेनें जाऊं देते.

डाव्या बाजूची द्विदल झडप पाहावी. तिला स्वतःचें बळ नाहीं. वरच्या कप्प्यांतील रक्ताच्या दाबानें ती उघडते. खालचा कप्पा आकुंचन पावतांच मिटते. पाकळ्या उलट्या फिरूं नयेत म्हणून स्नायूंच्या खुंट्यांना बांधलेले चिवट तंतू त्यांना खालून धरून ठेवतात. ही उघडमीट दिवसांतून सुमारें एक लाख वेळां होते.

या दाराचा शत्रु पुष्कळदां घशांतून येतो. विशिष्ट जंतूंनीं मुलाचा घसा सुजला व उपचार झाला नाहीं, तर कांहीं आठवड्यांनीं सांधे सुजविणारा ताप येऊं शकतो. त्यांत पाकळ्या जाड होऊन पुढें एकमेकींस चिकटतात. दार अरुंद झालें कीं रक्त फुप्फुसांत तुंबतें आणि ऐन तारुण्यांत मनुष्य भाजीची पिशवी घेऊन जिना चढतांना धापा टाकतो. शस्त्रक्रियेनें झडप बदलतां येते. परंतु डॉक्टरांच्या सल्ल्यानें वेळींच दिलेलें पेनिसिलिन मूळ दारच वांचवितें. मुलाचा दुखरा घसा म्हणूनच क्षुल्लक मानूं नये.