गुडमारचा पाला आणि मधुमेह
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपण ज्या रानवेलाला बेडकीचा पाला किंवा कावळी म्हणता, तोच गुडमार ऊर्फ मधुनाशिनी. त्याचे पान चघळून वर गूळ खाल्ला तर तो मातीसारखा लागतो. पानातील जिम्नेमिक आम्ले जिभेवरील गोडाची जाणीव थोडा वेळ रोखतात, पुढे चव परत येते. घोटाळा इथेच होतो. जीभ फसली म्हणून रक्तातील साखर उतरत नाही. ती रक्त तपासूनच कळते.

मग पाल्यात काहीच नाही का? तसेही नव्हे. १९९० साली मद्रासच्या संशोधकांनी मधुमेहाच्या २२ रुग्णांना चालू गोळ्यांबरोबर या पानांचा अर्क रोज ४०० मिलिग्रॅम, १८ ते २० महिने दिला. साखर उतरली आणि पाच जणांच्या गोळ्या बंद करता आल्या. बाकी सतरा जणांच्या बंद झाल्या नाहीत, हे मात्र गावात कोणी सांगत नाही. शिवाय एवढ्या थोड्या रुग्णांवरून सर्वांसाठी औषध ठरत नाही.

वनस्पतीपासून गोळीपर्यंतची वाट लांबची असते. युरोपातील गलेगा या झुडपातील गॅलेजीन साखर उतरवी, पण ते विषारी ठरले. त्याच्याशी रचनेने जवळचे मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले, आणि रुग्णांवरील त्याचा उपयोग फ्रान्सच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. आज तीच गोळी आपल्या तालुक्याच्या दुकानात मिळते.

म्हणून पाला सुरू केला म्हणून इन्शुलिन वा गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ज्यांचे शरीर इन्शुलिन तयारच करीत नाही, त्यांच्या जिवावर हे थोड्या दिवसांत बेतते. गोळ्या चालू असताना अर्क घेतल्यास साखर फार उतरूही शकते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, भोवळ येते. विहिरीवर एकटे असताना असे झाले तर? तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावे.

लागवड करू इच्छिणाऱ्यांनी प्रथम खरेदीदार ठरवावा, मगच छाट कलमे लावावीत. वेलास तारांचा आधार द्यावा. पाने सावलीत वाळवावीत, दुसरा पाला मिसळू नये. रानातला वेल मुळासकट ओरबाडू नये.